मोटारीचे काटे चुकतात तेव्हा

जुन्या मोटारीतील तापमानाचा काटा बंद पडल्यास इंजिन तापल्याचे कळत नाही आणि हेड गॅस्केट जळू शकते. तापमानाचा व इंधनाचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागल्यास प्रथम फ्यूज, अर्थिंग व मीटरमागील व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. अनेक जुन्या गाड्यांत तो दोन्ही मीटरना १२ ऐवजी सरासरी १० व्होल्ट पुरवतो.

एकच काटा चुकत असेल, तर चावी चालू ठेवून इंजिनावरील तापमान सेंडरची वायर काढावी व काही सेकंद इंजिनाच्या धातूला लावावी. काटा गरम बाजूकडे सरकू लागताच वायर दूर करावी; दोष सेंडरचा समजावा. काटा हललाच नाही, तर वायर किंवा मीटर खराब असते. पेट्रोलच्या टाकीजवळ ही चाचणी करू नये, ठिणगी पडते.

दुरुस्ती होईपर्यंत रेडिएटरचे पाणी रोज, इंजिन थंड असतानाच पाहावे.