हंड्याचा आवाज

जोगेश्वरीत मी मुलांना कथालेखन शिकवतो. ‘आपल्या गल्लीचं वर्णन करा’ म्हटलं, तर एका मुलीनं निळी नदी, हिरवे डोंगर रंगवले. गल्लीची तिला लाज वाटत होती. विचारलं, ‘‘बेटा, नळावर हंडा भरताना काय ऐकू येतं?’’ तिनं लिहिलं, ‘हंडा भरत येतो तसा त्याचा आवाज बारीक होतो, मागच्या बाईचा मात्र चढतो.’ सगळे हसले, तीही. ‘सुंदर’, ‘गरीब’ ही विशेषणं आपला निकाल सांगतात. आवाज, वास, स्पर्श वाचकाला तिथं नेऊन उभं करतात. बाबुराव बागूलांनी १९६३च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहात वस्तीतलं जगणं असंच समोर उभं केलं. त्या मुलीच्या पुढच्या कथेत तिची गल्ली होती, नावासकट.