टेबलावर वाजतं, डब्यात रुसतं!

शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. नवीन जालन्यातल्या मामाच्या घराची गच्ची. समोर एक स्टीलचा डबा. तसा साधाच, मामीच्या मांडणीवरून ढापलेला. फरक इतकाच, की त्याच्या झाकणावर दोन काळे नॉब आहेत, एक लाल एलईडी आहे आणि मधोमध पायाने दाबायचं एक जाडजूड बटण. माझा मामेभाऊ चप्पल काढतो (का ते विचारू नका, देवळात काढतात तशी काढली), गिटार सावरतो आणि अंगठ्याने बटण दाबतो.

खट्.

काही नाही. पुन्हा खट्. पुन्हा काही नाही. अँपमधून गिटारचा तोच साधासुधा, दूधभात खाल्लेला आवाज. एलईडी ढिम्म.

"ताई, काल रात्री टेबलावर वाजत होतं गं. आईशप्पथ!"

आता थोडा फ्लॅशबॅक. पठ्ठ्या पुण्यात नोकरीला होता. पहिल्या तीन पगारांतून गिटार घेतली, अँप घेतला, ऑफिसातल्या चौघांची बँड जमली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, बँड गेली आणि साहेब सामानासकट जालन्यात परत. जालना म्हणजे सळयांचं आणि बियाण्यांचं गाव. त्याला सळयांच्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम मिळालं, छान चाललंय. गिटार मात्र कपाटावर. दोन आठवड्यांपूर्वी त्याने ती ओएलएक्सवर टाकली. रविवारी अकरा वाजता संभाजीनगरहून एकजण ती बघायला येणार होता. त्याआधी हे पेडल एकदा वाजवायचं, एवढंच ठरवलं होतं. तीन महिन्यांचे वीकेंड त्यात गेले होते. "वाजलं तर बघू," असं तो म्हणाला होता. काय बघू, ते मी विचारलं नाही.

ज्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही (माझ्यासकट) त्यांच्यासाठी: पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये बसणारी छोटी डबी. गिटारचा सिग्नल तिच्यात गोड जातो आणि खरखरीत, रागावलेला बाहेर येतो. या रागाचा जन्मही बिघाडातूनच झालाय बरं का! अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि सोलोचा आवाज फाटला. 1961 मध्ये गाणं आलं आणि तो फाटका आवाजच लोकांना आवडला. मग तिथल्या साउंड इंजिनीअरने, ग्लेन स्नॉडीने, तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं. 1962 मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आलं. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजवलं आणि पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच.

आमच्या डब्यातलं सर्किट त्याहून सोपं. मधोमध 741 नावाची आठ पायांची चिप. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही हा नंबर ऐकून लॅबमधली व्हायवा आठवेल. सत्तरच्या दशकात एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडी 250 ही दोन गाजलेली पेडल्स याच चिपवर उभी राहिली. चिप आवाज मोठा करते, पुढचे दोन डायोड त्याची टोकं छाटतात, झालं काम. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. एवढ्या साध्या गोष्टीत बिघडण्यासारखं असतं तरी काय?

बरंच काही, असं पुढच्या दोन तासांत कळलं.

पहिला संशय सेलवर. नाइन व्होल्टचा चौकोनी सेल मोजायला मल्टिमीटर काढला, तर मीटरच बंद! कारण मीटरमधला सेल काढूनच स्वारीने पेडलमध्ये घातला होता. (हसू नका. घरातल्या घड्याळाचा सेल रिमोटमध्ये कुणी घातलाय?) गाडीला किक मारून दोन नवे सेल आणले. एक मीटरमध्ये घातला, दुसरा मोजला. साडेनऊ व्होल्ट, म्हणजे ताजा. पेडलमध्ये टाकला. खट्. काही नाही.

"केबल दोन्हीकडे लावलीयेस ना?" या माझ्या प्रश्नावर त्याने मला वेड्यात काढलं, पण चुकून मी बरोबरच बोलले होते. पेडलला चालू-बंदचं वेगळं बटणच नसतं. गिटारची केबल इनपुटमध्ये खुपसली, की तिथल्या सॉकेटमधले दोन संपर्क जोडले जातात आणि सेलची मायनस बाजू सर्किटला लागते. म्हणून ते सॉकेट स्टिरीओ लागतं, केबल मोनो असली तरी. दुकानात सॉकेट मागताना हे विसरलात, तर सर्किट कितीही भारी बनवा, सेल वाऱ्यावरच. आणि वाजवून झाल्यावर केबल काढायला विसरलात तर सकाळी सेल खल्लास.

आमचं सॉकेट स्टिरीओ होतं, केबलही आत होती.

मग अडॅप्टर. खास पेडलचाच आणलेला, नऊ व्होल्टचा. भिंतीत लावला, त्याचा हिरवा दिवा लागला. पेडलमध्ये पिन घातली, हिरवा दिवा विझला. पिन काढली, दिवा लागला. "अडॅप्टरही गेला!" भावाने डोकं धरलं. त्याच वेळी मी डबा हातात घेतला तर आत काहीतरी कोमट लागलं. तो नवा सेल. मी म्हटलं, "अरे, हा गरम का झालाय?" त्याचं लक्ष नव्हतं. तो 741 उपटायला छोटा स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

इथे माझं एक मत. बिघाड झाला की आपण सगळ्यात हुशार पार्टवर संशय घेतो. कॉम्प्युटर बंद पडला की मदरबोर्ड, गाडी बंद पडली की इंजिन. प्लग सैल आहे का, पेट्रोल आहे का, हे कुणी बघत नाही, कारण त्यात आपला अपमान असतो. चिप दहा-वीस रुपयांची, बदलायला काय जातंय? पण वाजणारी चिप उपटताना पाय मोडला, तर एका बिघाडाचे दोन होतात.

सुदैवाने स्क्रूड्रायव्हर सापडला नाही. मामाने खालून आवाज दिला, "अरे, मामा चौकाकडे ते रेडिओवाले काका आहेत, त्यांना दाखव की. आठला बंद करतात."

काकांचं दुकान म्हणजे दीड खणाची जागा, भिंतीला लागून उघडे टीव्ही आणि मिक्सर, आणि टेबलावर एकच दिवा. गिटारचं पेडल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. झाकण उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "काल चालू होतं म्हणता. मग कालपासून काय बदललं?"

"काहीच नाही काका. फक्त डब्यात बसवलं."

"मग चिप कशाला काढायलास? करंट तिथवर आला का, ते बघ की आधी."

सेल काढला. मीटर बीपवर लावला. एक टोक सेलच्या क्लिपच्या लाल वायरला, दुसरं डब्याच्या पत्र्याला. नुसता कपॅसिटर असेल तर बारीक चिर्र होऊन थांबतं. हे थांबेचना. बीऽऽऽप. प्लस थेट डब्याला चिकटलेला! मग त्यांनी अडॅप्टरच्या सॉकेटचा नट सोडवून ते भोकातून मागे ओढलं, हवेत लोंबतं ठेवलं. बीप बंद. पुन्हा पत्र्याला टेकवलं. बीप.

"अडॅप्टर मेला नाही. डब्याने त्याचा गळा धरलाय."

झालं होतं असं. अडॅप्टरच्या पिनला दोन भाग असतात, मधलं भोक आणि बाहेरची नळी. आपल्या घरातल्या राउटर, सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा मध्ये प्लस असतो. गिटारच्या पेडलमध्ये उलटं, मध्ये मायनस, बाहेर प्लस. हा चक्रमपणा नाही, त्यामागे लॉजिक आहे. सॉकेटमध्ये बाहेरच्या संपर्काला लागून एक तिसरा पाय असतो. अडॅप्टर नसतो तेव्हा हे दोन चिकटलेले असतात, पिन घातली की सुटतात. सेलचा प्लस त्या तिसऱ्या पायावर आणला, की अडॅप्टर लावताच सेल आपोआप बाजूला होतो. पण त्यासाठी बाहेरची बाजू प्लसच हवी. 1977 मध्ये बॉस कंपनीची छोटी पेडल्स आली, आणि तिच्यासारख्या कंपन्यांमुळे ही रीत जगभर पक्की झाली. म्हणून घरातला सापडेल तो अडॅप्टर पेडलला लावू नका. व्होल्ट जुळले तरी दिशा जुळेलच असं नाही.

आता डबा. घरघर आत शिरू नये म्हणून डब्याचा पत्रा मायनसला जोडलेला असतो, गिटारच्या सॉकेटांमधून तो आपोआपच जोडला जातो. आणि भावाने आणलं होतं चकचकीत, अख्ख्या धातूचं अडॅप्टर-सॉकेट. ज्या अंगाने ते पत्र्यात आवळलं, तेच अंग प्लस. नट घट्ट केला त्या क्षणी प्लस आणि मायनसची गळाभेट. टेबलावर सॉकेट हवेत होतं, म्हणून वाजत होतं. सेल कोमट झाला तो याचमुळे आणि हिरवा दिवा विझला तोही याचमुळे. बिचाऱ्या 741 पर्यंत काही पोचलंच नव्हतं.

इथे प्लास्टिकच्या अंगाचं सॉकेट लागतं. किंमत किरकोळ. पण शनिवारी पावणेआठला ते आणायचं कुठून? काकांनी ड्रॉवरमधून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला. भोक कानशीने मोठं केलं (स्टील ते, सहज ऐकतंय होय?), ट्यूबची बारीक नळी करून सॉकेटला घातली, पत्र्याच्या आतून एक आणि बाहेरून एक रबरी चकती. नट आवळला. मीटर लावला. शांतता. मग सेल जोडून, केबल इनपुटमध्ये घालून चिपचे पाय मोजले. सातव्यावर नऊच्या आसपास, चौथ्यावर शून्य, सहाव्यावर साडेचार. "मधोमध आलंय म्हणजे ठीकाय," काका म्हणाले. भाऊ त्या साडेचारकडे बोर्डाचा निकाल लागल्यासारखा बघत होता.

काकांनी पैसे घेतले नाहीत. "वाजवून दाखव एकदा," म्हणाले, आणि दुकानाचं शटर ओढलं.

रात्री नऊ वाजता गच्चीवर पुन्हा चप्पल निघाली. खट्. लाल दिवा. आणि मग जो काही आवाज आला! शेजारच्या गच्चीवरची दोन मुलं कठड्यावर येऊन उभी राहिली. पेडल फार भारी वाजत होतं असं नाही. खरं सांगायचं तर ट्यूबलाइट लावली की मागे एक बारीक गुणगुण येत होती आणि एक नॉब उलटा फिरत होता. पण वाजत होतं. भाऊ साडेदहापर्यंत एकच चार कॉर्डची चाल वाजवत बसला. मग मध्येच थांबून त्याने मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं आणि पुन्हा सुरू झाला.

सकाळी मी उठले तर साहेब स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. डबा पुन्हा उघडा, मीटर बाजूला. गुणगुण कुठून येते ते शोधणं चालू होतं. अकराला येणारा माणूस येणार नव्हता.

"माझा डबा परत कधी मिळणार रे?" मामीने विचारलं.