आकडे पाठ आहेत, पण मोजता येतं का? शरद ऋतूतले पाच सोपे खेळ

चार वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर एक ते वीस आकडे घडाघडा म्हणून दाखवते. सगळे टाळ्या वाजवतात. थोड्या वेळाने आजी तिला सांगते, "त्या टोपलीतल्या चार पणत्या आण गं." मुलगी ओंजळभर पणत्या घेऊन येते. "मोज बघू" म्हटल्यावर एका पणतीवर दोनदा बोट ठेवते, एक गाळते आणि शेवटी सांगते, "दहा!"

मग घरात दोन प्रकारचे सूर निघतात. "इतके आकडे येतात आणि चार कळत नाहीत?" किंवा "ही गणितात कच्ची दिसते." दोन्ही चूक आहेत. आकडे क्रमाने म्हणणं आणि वस्तू मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाठांतराने येते. दुसरी हात लावून, उचलून, ठेवूनच येते. आश्विन-कार्तिकाचे दिवस त्यासाठी फार सोयीचे, कारण मोजण्यासारख्या वस्तू तेव्हा घरातच असतात.

मोजणं म्हणजे नेमकं काय?

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या संख्याज्ञानावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू. कशाचीही मोजणी करता येते. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं.

यातलं तिसरं तत्त्व उमगायला वेळ लागतो. मुलाने पाच पणत्या बरोबर मोजल्या की लगेच विचारून पाहा, "मग किती पणत्या आहेत?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर 'पाच' हा आकडा सगळ्या पणत्यांचा मिळून आहे, हे त्याला अजून उमगलेलं नसण्याची शक्यता आहे.

केरन विन या संशोधिकेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना ठरावीक संख्येने वस्तू द्यायला सांगितल्या होत्या. अशा अभ्यासांतून दिसलं की मुलांना आधी 'एक' कळतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. त्यानंतर कधीतरी मोजण्यामागची युक्तीच लक्षात येते आणि पुढचे आकडेही अर्थासह हाती लागतात. म्हणजे वीसपर्यंत म्हणणारं मूल 'दोन'च्याच टप्प्यावर असू शकतं, आणि त्यात काळजीचं काही नाही.

आपला शरद, आपल्या वस्तू

शरद ऋतूतल्या अंकखेळांचे छापील कागद इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्यांवर लाल-पिवळी गळलेली पानं आणि नारिंगी भोपळे असतात. आपल्याकडे शरदात पानं गळत नाहीत, पानगळ शिशिरातली. आपल्या शरदात असतात घटाच्या माळा, आपट्याची पानं, सीताफळं आणि पणत्या. चित्रातल्या भोपळ्यावर नुसतं बोट ठेवता येतं, पण खरी पणती उचलून बाजूला ठेवता येते. मोजलेलं आणि न मोजलेलं असं वेगळं झालं की निम्म्या चुका आपोआप कमी होतात.

१. पणत्या आण

"एक पणती दे", "तीन दे", "दोन दे" असं उलटसुलट मागा. मूल कुठे अडखळतं ते पाहा. 'तीन'ला चुकत असेल, तर आठवडाभर एक ते तीनमध्येच खेळा. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक पणती ठेवायला सांगा. एका पायरीला एकच पणती, हीच मोजणीची पहिली शिस्त.

२. आज कितवी माळ?

नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. 'तीन माळा' आणि 'तिसरी माळ' यांत फरक आहे. एक संख्या सांगते, दुसरी क्रम. रोज दोन प्रश्न विचारा, "आज कितवी माळ?" आणि "एकूण किती माळा झाल्या?" भोंडला होत असेल तर आणखी सोपं. अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक गाणं वाढतं. प्रत्येक गाण्याला एक खडा बाजूला ठेवायचं काम मुलाकडे द्या. 'कालच्यापेक्षा एक जास्त' ही बेरजेची सुरुवात आहे.

३. सोन्याचं दुकान

दसऱ्याला आणलेली आपट्याची पानं टाकून देऊ नका. मूल दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. चिठ्ठीवर ३ लिहून द्या, दुकानदाराने तीन पानं द्यायची. इथे मूल लिहिलेला अंक ओळखतं आणि तेवढ्या वस्तू मोजतं. अधूनमधून ० ची चिठ्ठी द्या. 'एकही पान नाही' याचीही एक खूण असते, याची मुलांना मोठी गंमत वाटते.

आपट्याचं पान मधोमध दुभंगलेलं असतं, म्हणून एखादं मूल एका पानाला 'दोन' म्हणेल. लगेच दुरुस्त करू नका. "तुला दोन का वाटलं?" असं विचारा. काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, हे त्यातून छान कळतं. या खेळासाठी फांद्या मात्र तोडू नका, दहा पानं पुष्कळ झाली.

४. मुठीत किती?

सीताफळाच्या बिया धुऊन वाळवा. पाच बिया मुलाला मोजायला लावा. मग काही मुठीत लपवा आणि दुसरा तळहात उघडा दाखवा. "इथे दोन आहेत, मुठीत किती?" मुलाने सांगितलं की मूठ उघडा. पाच म्हणजे दोन आणि तीन, चार आणि एक, ही फोड हाताला कळते. पुढची बेरीज-वजाबाकी हिच्यावरच उभी राहते.

सावधगिरी महत्त्वाची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया देऊ नका, त्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी लिंबं किंवा पणत्या घ्या. सीताफळाच्या बीची पूड डोळ्यांना अपाय करते, म्हणून मोठ्या मुलांनाही बिया फोडू देऊ नका, आणि खेळ संपला की बिया मोजून परत डब्यात ठेवा.

५. रांगोळीतले अंक

ताटात रांगोळी किंवा बारीक वाळू पसरून बोटाने अंक गिरवायला द्या. ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात, त्यामुळे मुलं ते उलटे काढतात. १ आणि ९ मध्येही गोंधळ होतो. शिवाय मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि आजचं मूल दोन्ही लिप्यांतले अंक रोज पाहतं. म्हणून एका वेळी एकाच लिपीतले अंक घ्या. शेजारी तेवढे ठिपके काढले, की खूण आणि संख्या जोडली जाते.

वीसच्या पुढची अडचण

मराठीत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतो, लिहिताना मात्र आधी २. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो, पण लिहितो आपण २९. याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिचं समर्थन केलं, आणि वाद विधिमंडळापर्यंत गेला. त्या पद्धतीबद्दल मत काहीही असो, अडचण खरी आहे. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाने 'एकोणतीस'ला अडखळणं हे त्याच्या बुद्धीचं मोजमाप नव्हे. दहापर्यंतचा पाया पक्का होऊ द्या.

चुकलं तर काय करायचं?

"चूक!" म्हणू नका. वस्तू एका ओळीत मांडा आणि प्रत्येक उचलून वाटीत टाकत पुन्हा मोजा, या वेळी दोघं मिळून. खेळ दहा मिनिटांचा ठेवा. मूल कंटाळलं की थांबा.

आणि पाहुणे आले की "आकडे म्हणून दाखव" असं सांगण्याऐवजी सांगा, "सगळ्यांना एकेक लाडू दे, आणि किती लागले ते मला सांग." टाळ्या कदाचित वाजणार नाहीत. पण कोणी लाडवावाचून राहिलं नाही, तर मुलाला मोजता येऊ लागलंय.