वनस्पतींच्या अर्काची विषारीपणाची चाचणी
धोतरा, गुंज, बिब्बा या वनस्पतींचा औषधात वापर होतो. पण त्या विषारीही असल्याने औषध कायद्याखालील नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात नोंदलेल्या आहेत. म्हणून औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अशा वनस्पतींच्या नव्या अर्काची प्राण्यांवर चाचणी घ्यायची, तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत एका टप्प्यात फक्त ३ उंदीर घेतात. त्यांना उपाशी ठेवून वजनाच्या दर किलोमागे ठरावीक मात्रा, कमाल साधारण २००० मिलिग्रॅम, तोंडावाटे देतात. पहिले ४ तास बारीक लक्ष, मग १४ दिवस रोजची पाहणी, दर आठवड्याला वजनाची नोंद आणि शेवटी शवविच्छेदन.

उंदीर जगले, म्हणजे अर्क रोज घेण्याजोगा ठरला असे नाही. यकृत-मूत्रपिंडावरचा परिणाम कळायला २८ किंवा ९० दिवसांची चाचणी लागते. शिवाय अल्कोहोलमधला अर्क आणि घरचा काढा यांतले घटक वेगळे असतात. एकाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही.