पाणी आरओचे, पण वाटी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला निळा बजी दोन दिवस पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता. दुकानात याच पक्ष्याला लव्हबर्ड म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड वेगळा. मुलगी रडवेली झाली, म्हणून पिंजऱ्यासकट त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कोणते देता?" मी जरा ऐटीतच सांगितले, "आरओचे." डॉक्टरांनी पाण्याची वाटी बाहेर काढली, आतून बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटाला बुळबुळीत थर लागला होता.

बजी वाचला नाही. तो पाण्यानेच गेला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण ते बोट काही डोळ्यांपुढून जात नाही.

एका बजीचे वजन तीस-चाळीस ग्रॅम. दिवसाला तो जेमतेम चमचाभर पाणी पितो. एवढ्या लहान जिवाला थोडे दूषित पाणीही भारी पडते. त्यात पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवणे, शेपटी हलवत श्वास घेणे, पातळ विष्ठा हे आपल्या लक्षात येईपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता पाण्याचे पाहू. नाशिक शहराला प्रामुख्याने गंगापूर आणि मुकणे धरणांचे पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. एवढ्या क्लोरीनने पक्ष्याला बाधा होत नाही, उलट जंतूंपासून राखण होते. गडबड होते ती नळ आणि वाटी यांच्या मधल्या वाटेवर. सोसायटीची टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसते. उन्हाळ्यात त्याच टाकीत बोअरचे नाही तर टँकरचे पाणी मिसळते. पावसाळ्यात गढूळ पाणी येते. म्हणून साधा नियम असा: जे पाणी आपण आपल्या तान्ह्या बाळाला देऊ, तेच पक्ष्याला द्यावे. शंका असेल तर पाण्याला खळखळून उकळी आली की किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, झाकून गार करावे आणि मग भरावे.

आरओ घ्यावाच लागतो का? आरओ मुख्यतः पाण्यातले क्षार काढतो, आणि त्यासाठी बरेचसे पाणी मोरीत सोडतो. लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितले होते. धरणाचे पाणी सहसा या मर्यादेत असते. तिथे साधा कँडलचा किंवा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरचे पाणी मात्र तपासूनच घ्यावे. उकळल्याने त्यातले जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. आणि फिल्टर कोणताही असो, कँडल वेळेवर घासली नाही, कार्ट्रिज बदलले नाही, तर जंतू त्याच्यातच घर करतात. हजारो रुपयांचे यंत्र भिंतीवर आणि वर्षभर सर्व्हिसिंग नाही, असे चित्र बहुतेक घरांत दिसते. आमच्याही घरात होते.

यापेक्षा मोठा मुद्दा वाटीचा. पक्षी दाणे खाऊन ओली चोच पाण्यात बुडवतो. वाटी दांडीच्या खाली असेल तर विष्ठा थेट पाण्यात पडते. उन्हाळ्यात अशा पाण्यात काही तासांतच जंतू वाढतात. मग पाणी बिसलेरीचे असले तरी काय उपयोग? वाटी दांडीच्या शेजारी, थोडी उंच टांगावी. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावे. नुसते ओतून पुन्हा भरणे म्हणजे बदलणे नव्हे. साबण आणि ब्रशने आतून घासून, खळखळून धुऊन, वाळवून मग भरावे. दोन वाट्या ठेवल्या तर एक उन्हात वाळते, दुसरी पिंजऱ्यात राहते. नळीच्या बाटलीचे तोंड बारीक ब्रशने रोज साफ करावे.

वाटी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे नको. जस्त पक्ष्यांना विषारी ठरते. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण कौतुकाने पितो, पण पक्ष्यासाठी तो प्रयोग करू नये. पाण्यात गूळ, हळद घालण्याचे सल्ले मिळतात, ते सोडून द्यावेत. डॉक्टरांनी पाण्यातून व्हिटॅमिन द्यायला सांगितले असेल, तर ते पाणी काही तासांत बदलावे.

यात आपल्या आरोग्याचाही प्रश्न आहे, विशेषतः एका खोलीत चूल, अंथरूण आणि पिंजरा असलेल्या घरांत. पोपटवर्गातल्या पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा आजार होऊ शकतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. तो मुख्यतः वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे येतो. म्हणून पिंजऱ्याचा ट्रे आधी ओला करावा, मगच पुसावा. पक्ष्याची वाटी खरकट्या भांड्यांसोबत घासू नये. त्यानंतर हात साबणाने धुवावेत. पक्षी पाळणाऱ्या घरात कुणाला असा ताप आला तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगावे. नाहीतर त्यांच्या ते ध्यानात येणे कठीण.

जाता जाता एक कडू गोष्ट. अनेक घरांत हौसेने ठेवलेला हिरवा मिठू हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित पक्षी आहे. तो पाळणे गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल तर दार उघडून सोडून देऊ नये, त्याला बाहेर जगता येत नाही; वनविभागाशी संपर्क साधावा.

चिमण्यांसाठी गच्चीवर मातीचे परळ ठेवणाऱ्यांनीही ते पाणी रोज ओतून, परळ आतून घासून भरावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो. नुसते पाणी बदलल्याने कडेची अंडी जात नाहीत.

आमच्याकडे आता एकच बजी आहे, पिवळा. त्याच्या पिंजऱ्याला स्टीलच्या दोन वाट्या आहेत. सकाळची मुलगी धुते, संध्याकाळची मी.