फाईल निवडताना हलणारे ठिकाण

निरोप्याला ‘ही चिठ्ठी शेजारच्या घरी दे’ एवढेच सांगितले, तर ती कोणाच्या हाती पडेल हे तो त्या वेळी कोठे उभा आहे यावर ठरते. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीलाही असे एक उभे राहण्याचे ठिकाण असते. त्यास ‘चालू फोल्डर’ म्हणतात. पूर्ण पत्ता न देता फाईलचे नुसते नाव दिले, की ती त्याच फोल्डरात शोधली अथवा लिहिली जाते.

१९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये फाईल निवडण्याची तयार चौकट सर्व आज्ञावलींना उपलब्ध झाली. ‘गेटओपनफाईलनेम’ असे नाव घेऊन ती मागवावयाची. सोय मोठी होती; परंतु वापरणाऱ्याने दुसऱ्या फोल्डरातील फाईल निवडली, की ही चौकट जाता जाता चालू फोल्डरही बदलून टाकते. समजा, परीक्षेच्या गुणांची आज्ञावली ‘गुण’ या नुसत्या नावाने फाईल लिहीत आहे. मध्येच कोणी पेन ड्राइव्हवरील यादी उघडली, तर त्यानंतरचे गुण त्या पेन ड्राइव्हवर लिहिले जातील. चूक दिसत नाही, सूचनाही मिळत नाही; दुसऱ्या दिवशी जुनेच गुण समोर येतात.

यावर ‘नोचेंजडिर’ नावाची एक खूण ठेवलेली होती. ठिकाण पूर्ववत करणे हे तिचे काम. मात्र फाईल उघडण्याच्या चौकटीत ही खूण निष्प्रभ आहे, अशी कबुली मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक माहितीतच अनेक वर्षे होती! तेव्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आपली वाट शोधली. चौकट उघडण्यापूर्वी ‘गेटकरंटडिरेक्टरी’ने ठिकाण टिपून ठेवावे आणि ती मिटताच ‘सेटकरंटडिरेक्टरी’ने तेथे परतावे. वापरणाऱ्याने निवड रद्द केली, तरी परतणे चुकवू नये.

हा उपाय उपयुक्त असला तरी अपुरा आहे. चालू फोल्डर संपूर्ण आज्ञावलीला मिळून एकच असतो. चौकट उघडी असताना तिचाच दुसरा धागा पार्श्वभूमीवर काही लिहीत असेल, तर नंतर ठिकाण पूर्ववत केल्याने त्याचे रक्षण होत नाही. शिवाय पूर्ण पत्ता न दिलेले सहायक भाग विंडोज ज्या जागी शोधते, त्यांत चालू फोल्डरही येऊ शकतो. परक्या फोल्डरात त्याच नावाचा घातकी भाग ठेवलेला असल्यास तोच चालू होण्याचा धोका असतो. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने याविषयी सावधगिरीची सूचना काढली होती.

म्हणून खरा उपाय साधाच आहे : फाईलचा उल्लेख नेहमी पूर्ण पत्त्यासह करावा. मग निरोप्या कोठेही उभा असो, चिठ्ठी योग्य दारीच पोचते. दुसऱ्याने केलेल्या व्यवस्थेत दोष निघाला, तर तो दुरुस्त होईपर्यंत आपण आडवाट काढतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आपलेही काही गृहीत धरणे त्या दोषाला वाव देत होते काय, हे तपासण्याची संधी त्यातूनच मिळते.