११२ एमबीचा प्रबंध

पोर्टल पुन्हा लाल अक्षरांत तेच सांगतं: फाइल २० एमबीपेक्षा मोठी आहे. सर रुमालाने मानेवरचा घाम पुसतात. "नेट स्लो असेल का हो ताई?"

"नेटचा काय दोष? फाइल ११२ एमबीची आहे तुमची."

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचं तळघर. मे महिन्याची दुपार. एका भिंतीला काळ्या रेक्झिनच्या बांधणीत थिजलेले प्रबंध, दुसरीकडे स्पायरलची तारेची भेंडोळी, मधे सोनेरी अक्षरं उमटवायचं यंत्र आणि त्यावर वाकलेला एक पोरगा. माझी प्रिंट कधीच काढून झाली आहे, पण मी बाकावरून उठत नाही. समोर जे चाललंय ते सोडून जाववत नाही.

सर मूळचे सोलापूरचे, एका कॉलेजात शिकवतात. विषय: घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका. तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळलेल्या विड्या मोजून कारखान्याला द्यायच्या. यातल्या बहुतेकींच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे मुलाखतींना सरांनी आपल्या बायकोला सोबत नेलं होतं. हे सगळं ते कुणी न विचारताच सांगतात. ताई ऐकताहेत की नाही कळत नाही. त्यांनी फाइलची एक कॉपी केली आहे आणि तिच्या नावातली डॉक्स ही शेपटी खोडून तिथे झिप लिहिताहेत. विंडोज इशारा देतं, त्या 'येस' दाबतात.

"हे काय केलंत?"

"पोट उघडलं. बघा, आत काय आहे ते."

२००७ पासूनची वर्डची फाइल म्हणजे खरं तर एक झिप गठ्ठाच. आत फोल्डर, फोल्डरात फाइली. ताई 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलवर बोट ठेवतात. ३१२ पानांचं सगळं मॅटर, तळटीपांना खुणा, तक्ते, झाडून सगळं त्यात आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तरी दाबून भरल्यावर हे सगळं ७०० केबीत मावलंय. एक एमबीसुद्धा नाही. सर जरा दुखावल्यासारखे दिसतात. एवढ्या वर्षांचं लिखाण!

"मग बाकीचं काय आहे?"

ताई 'मीडिया' उघडतात. २३ फोटो, एकेक चार एमबीच्या आसपास. मोबाइलने काढलेले, चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचे. पानावर पाच इंच रुंदीचा फोटो छापायला इंचाला २२० या हिशेबाने अकराशे पिक्सेल पुरतात. कोपरा धरून फोटो लहान केला की तो पानावर लहान दिसतो, फाइलमध्ये होता तेवढाच राहतो.

"पण मी कापलेत की फोटो," सर म्हणतात. "चेहरे दिसू नयेत असं बायकांचं म्हणणं होतं. म्हणून नुसते हात ठेवलेत. क्रॉप केलंय सगळीकडे."

ताई काही बोलत नाहीत. मूळ फाइलवर परत येतात, पान १४६ वरचा फोटो निवडतात आणि क्रॉपचं बटण पुन्हा दाबतात. सुपात विड्यांचे कट्टे, त्यावर दोन हात, आणि वरच्या बाजूला करड्या सावलीत उरलेला फोटो. पन्नाशीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे.

सर खुर्ची पुढे ओढतात. "हे गेलं नव्हतं?"

"क्रॉप म्हणजे पडदा, सर. मागे सगळं असतं. काढायला वेगळं सांगावं लागतं."

त्या 'कॉम्प्रेस पिक्चर्स'ची चौकट उघडतात. 'फक्त याच चित्रासाठी' यावरची खूण काढतात, 'कापलेले भाग पुसून टाका' यावर खूण करतात, खाली २२० निवडतात, ओके. क्षणभर स्क्रीन पांढरा पडतो. मग त्या पुन्हा क्रॉप दाबून दाखवतात. आता हातांच्या वर काही नाही. सर स्वतः माउस घेऊन सगळे फोटो एकेक करून तपासतात. ताई घाई करत नाहीत. त्यांच्या दुकानात घाई न होण्याचा हा एकच प्रसंग असावा, तोही मागे रांगेत आणखी दोघं उभे असताना.

मला वाटतं, संपलं. ताई मात्र त्या झिपमधल्या दुसऱ्याच फोल्डरवर थांबल्या आहेत. 'एम्बेडिंग्ज'. त्यात १४ एक्सेल फाइली, सगळ्या सारख्याच आकाराच्या.

"एक्सेलमधून आलेख आणलेत ना?"

"हो. कॉपी-पेस्ट."

त्या पान २०३ वरच्या गोल आलेखावर डबल क्लिक करतात. वर्डच्या पानात एक्सेल उघडतं. आलेखाच्या पानाशेजारी खाली आणखी टॅब आहेत. पहिल्यावर क्लिक. नाव, गल्ली, मोबाइल नंबर, आठवड्याची मजुरी, डोक्यावरचं कर्ज. एकाखाली एक बायका. प्रबंधात त्या 'उत्तरदाता क्र. ४१' असतात.

"मी तर नुसता गोल चिकटवला होता," सर हळू आवाजात म्हणतात.

"आलेख असा एम्बेड होऊन आला की त्याच्याबरोबर अख्खी वर्कबुक येते. चौदा आलेख, चौदा वेळा ही यादी. ही फाइल कुणाकुणाला दिलीय?"

"गाइडसरांना. मेलवर जाईना, म्हणून ड्राइव्हवर टाकली."

"लिंक कशी? ज्याला मिळेल त्याला उघडेल अशी?"

सर खिशातून मोबाइल काढतात आणि ती फाइल तिथल्या तिथे पुसतात. कचरापेटीही रिकामी करतात. पोर्टलवर चढणारी प्रत तर याहून लांब जाते. पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने २००९ च्या नियमांत आणलं. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'त जाते आणि जगात कुणीही ती वाचू शकतो. हेतू चांगला आहे, मला मान्य आहे. पण मार्जिन किती आणि फॉन्ट कोणता हे सांगणारी परिपत्रकं या भिंतीवर चिकटवलेली मला दिसतात, फाइलच्या पोटात काय राहतं याबद्दल एका ओळीचीही सूचना दिसत नाही.

ताई आलेख कापतात आणि चित्र म्हणून परत चिकटवतात. चौदा वेळा. खालच्या कोपऱ्यात आकडा येतो: ८.६ एमबी.

"आता सेटिंग," त्या म्हणतात, आणि बोटं मोडतात.

वजन उतरलं, पण फाइलची मांडणी अजून दुसऱ्या कुणाची तरी आहे. शब्दशः. ताई गुणधर्मांची चौकट उघडून दाखवतात: लेखक म्हणून भलत्याच गृहस्थाचं नाव. विभागातल्या आधीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध घेऊन त्यातलं मॅटर पुसत पुसत सरांनी आपलं लिहिलंय. सगळे असंच करतात, असं ताईंचं म्हणणं. विद्यापीठ बारा पानांचे नियम छापतं, कोरी टेम्प्लेट काही देत नाही. ते काम हे तळघर करतं. ताईंच्या फोल्डरात प्रत्येक विद्यापीठाची एकेक टेम्प्लेट आहे. डबल क्लिक केलं की नवं, बेनाव पान उघडतं आणि मूळ टेम्प्लेटला धक्का लागत नाही. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, प्रकरणांची शीर्षकं स्टाइलमध्ये बसवलेली. त्या प्रकरणं एकेक करून त्यात ओततात.

तिसऱ्या प्रकरणाला अडतं. ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये बदललेलं आहे. 'कारखान्याच्या दाऱ्यावर' असं काहीतरी दिसतं, मी वाचायला पुढे झुकतो तर ताई ते आधीच 'दारावर' करून पुढे गेलेल्या असतात. शिवाय शीर्षकांचा आकार १६ केला तरी मराठी अक्षरं १२ चीच राहताहेत, इंग्रजी आकडे तेवढे मोठे होताहेत. "स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आकार वेगळा असतो," त्या सरांना नव्हे, पोराला सांगतात. पोरगा यंत्र सोडून बघायला आला आहे. "लॅटिनचा बदलून मराठी बदलत नाही. इथून निवड."

मग त्या कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबतात. पानभर खुणा उमटतात. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून मारलेले एंटर, ओळ मधोमध यावी म्हणून दाबलेला स्पेसबार, अनुक्रमणिकेत हाताने टाइप केलेल्या टिंबांच्या रांगा. कुणी काही बोलत नाही. ताई शोधून बदलायची चौकट उघडतात, दोन एंटरच्या जागी एक, आणि बटण दाबत राहतात. दुरुस्त्यांचा आकडा दर खेपेला खाली येतो. शेवटी शून्य. अनुक्रमणिका नव्याने घालून त्या एफ ९ दाबतात, आणि सगळे पानक्रमांक आपापल्या जागी येऊन बसतात.

सर खाली बघतात. "ताई, २८७ पानं?"

"हो. पंचवीस पानांचे नुसते एंटर होते."

"पण गाइडसर म्हणालेत, तीनशेच्या वर जाऊ दे."

"मलाही पानामागे पैसे मिळतात, सर," ताई पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवतात. "पण वाढवायची तर आता लिहून वाढवा. पुढचं कोण आहे?"